आत्याबाईंची घरपाहणी

आमच्या आत्याबाई पाण्याचा गिलास तोंडाला लावतात की नाही, यावर आमच्या नात्यातल्या किती पोरींची लग्नं ठरली आणि किती मोडली, त्याची गणतीच नाही. आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी घर पाहायचं. जीपमध्ये कोंबून बसायचं, मुलाच्या घरी जायचं, पोहे खायचे, चहा प्यायचा, छताकडे बघत 'छान आहे हो' म्हणायचं आणि परत यायचं. बहुतेकांची घरपाहणी एवढीच असते. पण जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी आत्याबाई बसलेल्या असल्या, की त्या घराची झडती व्हायची.

त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. आम्ही अकोल्याच्या अलीकडच्या मालेगावचे, त्या शेलूबाजारच्या. हायवेपासून जरा आत त्यांचं भाजीचं वावर होतं. मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माहेरी परत आल्या आणि भावाने दिलेल्या तुकड्यावर उभं आयुष्य काढलं. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ऐकू जाईल असा. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले, पण अजून कोणाच्या घरी पाणी पुढे आलं की माझा हात आपोआप थांबतो.

त्यांची पद्धत ठरलेली होती. घरात गेल्या गेल्या पाणी येई. त्या गिलास घेत, बाजूला ठेवत आणि उठत. "पाणी तर घ्या आत्याबाई," असं कोणी म्हटलं तर "घेतो ना, पानी कुठी पयून जाते का?" म्हणत थेट घराच्या मागच्या अंगाला. "घराचं तोंड सगळेच धुते. पाठ कशी हाये ते पाह्यलं पायजे." सांडपाणी कुठे जातं, उकिरडा कुठे आहे, घरातल्या सुनेच्या टाचा कशा आहेत, सगळं बघून होई. मग शेजारणीकडे काडेपेटी मागायला जात आणि काडेपेटीबरोबर त्या घराचा सगळा इतिहास घेऊन येत. परत आल्यावर गिलास उचलून प्यायल्या, तर घर पसंत. "आज माहा उपास हाये," म्हणाल्या, की मुलीच्या बापाने चपला शोधायच्या.

धनजचे एक पाहुणे एकदा फार चिडले. त्यांच्या पोरीसाठी दाखवलेली चांगली चांगली घरं आत्याबाईंनी एकामागून एक नाकारली होती. "सोमवारी उपास, बुधवारी उपास, तुमचा उपास सुटते तरी कव्हा?" आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "चांगलं घर दिसलं का सुटते, बापू." ती पोरगी पुढे कारंजाला दिली, सुखात आहे. ते पाहुणे मरेपर्यंत दर दिवाळीला आत्याबाईंकडे फराळ पाठवत होते.

दोन गोष्टींवर मात्र त्या अडून बसत. एक म्हणजे घर पावसात पाहायचं. "उन्हात सगळेच घरं चांगले दिसते. पावसात पाहा, मंग समजते कोन कुठी गयते ते." दुसरी गोष्ट पाण्याची. अकोल्याकडे खारपाण पट्टा आहे, तिथल्या विहिरींना खारट पाणी लागतं. त्या पट्ट्यातलं स्थळ आलं, मुलगा कलेक्टर का असेना, आत्याबाई जीपमध्ये बसायलाच नकार देत. "खाऱ्या पान्यात पोरगी देऊ नाही." का, ते त्या सांगत नसत आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

आता आमच्या स्वातीची गोष्ट. स्वाती माझी एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकली आणि माल्टा नावाच्या बेटावर कामाला गेली. भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट, आणि त्यावर व्हॅलेटा नावाचं शहर. शहर म्हणजे काय, दगडी कोटाच्या आत वसलेलं जुनं गावच. पिवळसर दगडाची उंच घरं, त्यांना रंगीत लाकडी सज्जे, आणि गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. स्वाती फोनवर दाखवायची आणि आम्ही 'वा, वा' करायचो. तिसऱ्या वर्षी तिने फोनमध्ये एक मुलगा दाखवला तेव्हा मात्र वा वा करायला कोणी उरलं नाही. लुका नाव. तिथलाच. त्या जुन्या सज्ज्यांची डागडुजी करायचा. बाप वारलेला, आईबरोबर कोटाच्या आतल्या घरात राहायचा.

आमचे हे, म्हणजे स्वातीचे बाबा, रागीट नाहीत. रागीट असते तर बरं झालं असतं, एकदा भांडण होऊन मोकळे झालो असतो. यांनी तोंडाने नाही म्हटलंच नाही. फोन स्पीकरवर ठेवून गोड आवाजात म्हणाले, "हे पाय बाई, आपल्यात आत्यानं घर पाह्यल्याशिवाय पोरगी देत नाही. आत्या पाहून हो म्हनन, तं माहं हो." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. "सुंठीवाचून खोकला गेला." सत्तरी पार केलेली बाई, कधी मुंबई पाहिलेली नाही, ती समुद्रापार कुठली जाते. शिवाय तिथलं पाणी समुद्राचं, यंत्रातून काढलेलं, नळाला खारट लागतं, हे स्वातीनेच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे आत्या गेलीच, तरी उपास पक्का. मला यांचा इतका संताप आला की त्या दिवशी मी भाजीत मीठच घातलं नाही.

पोरगी माझ्यावर गेलेली आहे. तिने दुसऱ्या दिवशी शेलूबाजारला फोन लावला. आणि त्या आठवड्यात आत्याबाई सांबाराची जुडी घेऊन आमच्या दारात हजर. जीपमधून उतरल्या, ओट्यावर बसल्या आणि यांना म्हणाल्या, "गजू, पासपोट कुठी भेटते?"

हे चाचरले. "आत्या, ते लय लांब हाये. इमानात बसा लागते."

"मंग बसू ना. सोयरीक पाह्यची म्हनलं तं बसा लागीनच."

"तुह्यासंगं कोन येईन?"

"तू येशीन. पोरगी कोनाची हाये?"

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपणच, आणि वर आत्या माती लोटायला उभी. मी पटकन आत जाऊन चहा ठेवला, नाहीतर तिथेच हसले असते.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी माल्ट्याची तयारी नव्या वावराच्या मशागतीसारखी हाती घेतली. जन्मतारखेचा कागद नव्हता, तर लहानपणी जिच्या वर्गात बसल्या होत्या त्या शाळेत जाऊन मास्तरांच्या समोर ठिय्या दिला. पासपोर्टच्या फोटोसाठी डोक्यावरचा पदर कानामागे घ्या म्हणाले, तर घेतला, पोलीस चौकशीला आला तर त्यालाच उलट विचारलं, "तुहं लगन झालं का बाबू?" पैशाचं कसं जमवलं ते सांगत बसत नाही. जमलं. आपल्याकडे लग्नाचं जमतं तसंच.

अकोल्याच्या एका प्रवास कंपनीतला मुलगा फार समजूतदार होता. म्हणाला, "आजी, एप्रिलमध्ये जा. हवा छान असते, फोटो सुंदर येतात." आत्याबाईंनी विचारलं, "तठी पानी कव्हा पडते?" तो म्हणाला, तिकडे पाऊस हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, वाराही फार सुटतो, तेव्हा सहसा कोणी जात नाही. आत्याबाई म्हणाल्या, "मंग तव्हाचंच तिकीट काढ." मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय सांगणार त्याला? डिसेंबर म्हणजे त्यांच्या मेथीचा ऐन हंगाम. वर्षाची कमाई सोडून त्या पाऊस बघायला निघाल्या होत्या.

स्वातीने फोनवर गल्लीतल्या पायऱ्या दाखवल्या, तेव्हा आत्याबाईंनी डोळे बारीक करून त्या बघितल्या आणि फोन माझ्या हातात दिला. पण रुक्मा नावाची त्यांची शेजारीण मला बाजारात भेटली, ती म्हणाली, "तुमची आत्या येडी झाली का? रोज दिवस निंघाला का टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्या चढून राह्यली. देवीले हात बी जोडत नाही. वर जाते अन् वापस येते." मी आत्याबाईंना विचारलं. म्हणाल्या, "देवीले मायीत हाये मी कायले येतो ते."

खरी अडचण व्हिसाला आली. आम्ही तिघं मुंबईला गेलो. कागद सगळे नीट होते. बोटांचे ठसे घ्यायची वेळ आली आणि यंत्रावर आत्याबाईंची बोटं उठेचनात. तिथल्या मुलीने बिचारीने रुमालाने पुसून पाहिली, ओली करून पाहिली, पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. काही नाही. नुसते पांढरे डाग. रेशनच्या दुकानातही त्यांचा अंगठा असाच रुसायचा. जन्मभर खुरपं धरलेली बोटं, त्यावर रेषा राहणार कुठून? ती मुलगी म्हणाली, थोडे दिवस हातांना आराम द्या, तेल लावा, मग पुन्हा या.

परतीच्या गाडीत हे हळूच म्हणाले, "देवाच्याच मनात नाही, आत्या. राहू दे." आत्याबाई खिडकीशी बसून आपले तळवे उलटसुलट करून बघत होत्या. म्हणाल्या, "देवाच्या मनात काय हाये ते मले नोको सांगू. हातच रिकामे ठेवा लागते ना? ठेवतो."

मला वाटलं, हे काही होत नाही. ज्या बाईने तापातही निंदण सोडलं नाही, ती हात रिकामे ठेवणार? पण त्यांनी ठेवले. वावर रुक्माच्या हवाली केलं. बोटांना लोणी लावून त्यावर माझे जुने पायमोजे चढवले. मी शेलूबाजारला गेले तेव्हा त्या धुऱ्यावर बसलेल्या दिसल्या. समोर रुक्मा मेथीतलं तण काढत होती आणि चुकवत होती, आणि ह्या दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून नुसत्या बघत होत्या. मी शेजारी बसले आणि विचारूनच टाकलं, "आत्याबाई, कशाला एवढं? तुमच्या एका शब्दावर अडलंय. इथूनच हो म्हणून टाका ना."

त्यांनी मांडीवरचे पालथे हात उताणे केले. मग म्हणाल्या, "शोभे, माहं घर कोनं पाह्यलं होतं?"

"कोणी?"

"माह्या बापानं. एकटा गेला होता, खारपानात. त्याईनं चहा देला, बाप चहा पेला अन् सोयरीक पक्की करून आला. पानी पेलाच नाही. चहात खार समजत नाही व माय." पायमोजा घातलेल्या हाताने त्यांनी डोळ्यापाशी आलेली माशी हाकलली. "पह्यल्या दिवशी सासरी पानी तोंडात घेतलं अन् थुकलं. सासूनं तेच पानी पाजलं, तेच पाजलं. गोड पानी आनाले लांबच्या गावी जा लागे. बापाले कव्हा सांगतलं नाही मी. त्याले काय वाटलं असतं? पन एक घोट पेला असता तं त्याले समजलं असतं. मंग देली असती तरी चाललं असतं. समजून देली असती."

जन्मभर ज्या गिलासाकडे सगळे बघत आलो, तो कुठून आला ते मला त्या धुऱ्यावर कळलं. मी त्यांचा तो मोज्यातला हात धरून बसले. रुक्मा वाफ्यातून ओरडली, "आता दोघी मियून रडा, मी मरतो निंदू निंदू." तेव्हा कुठे आत्याबाई हसल्या, आणि लगेच तिचं कोणतं तण राहिलं ते दाखवायला लागल्या.

दुसऱ्या खेपेला यंत्राने ठसे घेतले. अंगठा थोडा कुरकुरला, पण घेतला. व्हिसा आला त्या दिवशी आमचे हे अंगणात नुसतेच फेऱ्या मारत होते. सबबी संपल्या होत्या.

सामान बांधताना मी बघितलं, आत्याबाईंनी पिशवीच्या तळाशी नवी साडी, खोबऱ्याची वाटी आणि खण ठेवला होता. "म्हणजे ठरलंच म्हणा की," मी डिवचलं. "कायचं ठरलं? ठरलं तं बाजार कुठी शोधत फिरू? नाही ठरलं तं वापस आनू. वजन कितीक होते?"

विमान, बदलायचं विमान, तो सगळा गोंधळ मी गाळते. आम्ही पोचलो तेव्हा व्हॅलेट्यात पाऊस पडत होता, आणि असा वारा की छत्री उलटी. आत्याबाई खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "चला."

स्वाती घाबरली. "आजी, लुकाच्या आईनं उद्या जेवायला बोलावलंय. इथं न सांगता कोणी कोणाकडे जात नाही."

"म्हूनच जाऊ. सांगून गेलं तं घर दिसत नाही, जेवन दिसते."

पायऱ्यांच्या त्या गल्ल्या आत्याबाई सरसर चढल्या. मागे राहिले ते आमचे हे, धापा टाकत. कोपऱ्यावर एक भाजीची गाडी उभी होती. आत्याबाई तिथे थांबल्या, कोबीचा एक गड्डा दाबून बघितला, बरा आहे अशी मान हलवली, आणि स्वातीला म्हणाल्या, "इचार याले, त्या घरची बाई कशी हाये. भाजीवाल्यापासून घर लपत नाही." स्वातीचा चेहरा लाल. पण विचारलं. तो दाढीवाला माणूस आधी गोंधळला, मग हसून बरंच बोलला. स्वातीने सांगितलं, "म्हणतो, फार घासाघीस करते. आणि शेजारची म्हातारी खाली उतरू शकत नाही, तिची भाजी हीच निवडून नेते." आत्याबाई "हं" म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

दार लुकाच्या आईनेच उघडलं. जाडजूड बाई, हात ओले, कमरेला फडकं. तिच्या मागे जिन्यात एक बादली होती आणि बादलीत टप टप थेंब पडत होते. घर गळत होतं. हे माझ्या कानाशी आले, "पाह्यलं? गयते." आवाजात केवढं समाधान. आत्याबाईंनीही ते ऐकलं. "गयते तं गयते. बादली ठेवली हाये ना? न गयनारं घर दाखव मले मालेगावात." तेवढ्यात त्या बाईने लाजत ती भरलेली बादली उचलली आणि मागच्या चौकातल्या कुंड्यांमध्ये ओतून आली. आत्याबाई तिच्या मागोमाग चौकात गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं, तरी दोघी बोलत होत्या.

मग आम्ही बसलो. लुका कामावरून धावत आला होता, केसात लाकडाचा भुसा, आणि माझ्या पोरीच्या शेजारी न बसता भिंतीशी उभा राहिला. त्याच्या आईने बाटलीतलं पाणी आणलं. आत्याबाईंनी हात आडवा केला. "बाटलीचं नोको. ज्या पान्यानं पोरगी भात शिजवन, ते आन." स्वातीने खाली बघत सांगितलं. ती बाई जरा थबकली, मग नळाचं पाणी घेऊन आली. चार गिलास.

आत्याबाईंनी आपला गिलास उचलला. त्यांनी तो तोंडाला लावला नाही. बाजूला ठेवला. स्वातीने माझा हात घट्ट धरला. तिला माहीत होतं ना, लहानपणापासून बघत आली होती. आमचे हे खुर्चीत जरा मागे टेकले, चपला शोधायच्या तयारीत. आता 'उपास' येणार.

आत्याबाईंनी यांच्यापुढचा गिलास उचलला आणि यांच्या हातात दिला.

"तू पे, गजू."

"मी? आत्या, तू पाहून सांगनार होती ना?"

"घर मी पाह्यलं. पानी बापानं प्या लागते. माह्या बापानं नाही पेलं."

हे गिलास धरून बसले. त्यांना धुऱ्यावरची गोष्ट माहीत नव्हती, पण आत्याचा आवाज त्यांनी असा कधी ऐकला नव्हता. त्यांनी स्वातीकडे पाहिलं. किती महिन्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं, देव जाणे. मग एक घोट घेतला, आणि तोंड वाकडं झालं. थांबले. पुन्हा घेतला. सगळा गिलास संपवला आणि खाली ठेवला.

"खारं हाये," हे म्हणाले.

"हो," आत्याबाई म्हणाल्या.

"तरी देतो."

आत्याबाईंनी आपला गिलास उचलला, एका दमात रिकामा केला, पदराने तोंड पुसलं, आणि पिशवी पुढे ओढून तळाशी हात घातला.